विकासाचे आकडे कसे वाचायचे? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, गावचा आराखडा करायला बसलेले ग्रामपंचायत सदस्य, कॉलेजचे प्रकल्प लिहिणारे विद्यार्थी आणि बातमीदार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्या उदाहरणात ‘समजा’ म्हटलं आहे तिथले आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. बाकीचे प्रकाशित झालेले आहेत. कुठलाही आकडा हाती आला की आधी तीन गोष्टी विचारा: कोणत्या वर्षाचा, कुणी मोजला आणि भागलं कशाने? सर्वाधिक चुका तिसऱ्या प्रश्नावर होतात. छेदाकडे कुणी बघत नाही.

१. जीडीपी म्हणजे नेमकं काय? आमचा ऊस त्यात दोनतीनदा मोजला जातो का?

देशाच्या हद्दीत एका वर्षात जेवढ्या वस्तू आणि सेवा नव्याने तयार झाल्या, त्यांचं अंतिम मूल्य म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादन, जीडीपी. ऊस त्यात एकदाच येतो, कारण प्रत्येक टप्प्यावर फक्त वाढलेलं मूल्य धरतात.

समजा, शेतकऱ्याने एक टन ऊस ३,००० रुपयांना गुऱ्हाळाला दिला. त्यातून शंभर-एकशे दहा किलो गूळ निघाला, तो मार्केट यार्डात ४,५०० ला गेला आणि किरकोळ दुकानदाराने गिऱ्हाइकांना मिळून ५,५०० ला विकला. तिन्ही विक्री मिळवून १३,००० लिहिले तर चुकलं. बरोबर हिशेब असा: शेतकरी ३,०००, गुऱ्हाळ १,५००, व्यापार १,०००, एकूण ५,५००. गिऱ्हाइकाने मोजलेले पैसेही तेवढेच. (खत, चुना, भेंडी यांचा खर्च इथे बाजूला ठेवला आहे. खऱ्या हिशेबात तोही वजा होतो आणि ज्याने ती वस्तू बनवली त्याच्या नावावर चढतो.) या सगळ्या वाढीव मूल्यांची बेरीज म्हणजे जीव्हीए. त्यात वस्तूंवरचे कर मिळवले आणि अनुदानं वजा केली की जीडीपी.

घरी खाण्यासाठी ठेवलेलं भात आणि दूध जीडीपीत धरतात. त्याच घरातला स्वयंपाक, पाणी भरणं, म्हाताऱ्यांची शुश्रूषा धरत नाहीत. जुनी मोटारसायकल विकली तर तिची किंमत मोजत नाहीत, दलालाची दलाली मात्र मोजतात.

२. मुलगा दुबईत आहे, दर महिन्याला पैसे पाठवतो. ते जीडीपीत येतात की राष्ट्रीय उत्पन्नात?

या प्रश्नाचं उत्तर बरीच गाइडं चुकीचं देतात. जीडीपी हद्दीवर ठरतो, तर स्थूल राष्ट्रीय उत्पन्न, म्हणजे जीएनआय, रहिवाशांवर ठरतं. वर्षानुवर्षं दुबईत राहणारा मुलगा सांख्यिकीच्या दृष्टीने तिथला रहिवासी. त्याने घरी पाठवलेले पैसे म्हणजे ‘हस्तांतरण’. ते भारताच्या जीडीपीतही येत नाहीत आणि जीएनआयमध्येही येत नाहीत, त्यापुढच्या ‘राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्ना’त येतात. तो चार-सहा महिन्यांच्या कामापुरता जाऊन परत आला असता, तर त्याचा पगार जीएनआयमध्ये धरला असता. म्हणून एखाद्या गावात आखाती पैशावर घरं उभी राहिलेली दिसतात, पण जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यात त्याचा मागमूस नसतो.

३. दरडोई उत्पन्न एवढं म्हणतात, मग माझ्या घरात ते दिसत का नाही?

तीन कारणं आहेत. पहिलं, ही सरासरी आहे. समजा, वाडीत दहा घरं आहेत. नऊ घरांचं वार्षिक उत्पन्न २ लाख आणि एकाचं ३२ लाख. बेरीज ५० लाख, सरासरी ५ लाख. पाच लाख मिळवणारं घर त्या वाडीत एकही नाही. घरं उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली तर मधलं घर २ लाखांचंच निघतं. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात, आणि सामान्य माणसाची स्थिती कळायला तोच जवळचा.

दुसरं, त्या बेरजेत कंपन्यांचा न वाटलेला नफाही असतो. तो कुणाच्याच घरी पोचलेला नसतो. तिसरं कारण छेदाचं. भागाकार डोक्यांनी होतो, म्हणजे बाळ आणि आजीही त्यात आली. पाच जणांच्या घराची तुलना करायची तर दरडोई आकड्याला पाचाने गुणून करा.

शिवाय बातम्यांतलं देशाचं दरडोई उत्पन्न बहुधा ‘निव्वळ’ राष्ट्रीय उत्पन्नावरून काढलेलं असतं, म्हणजे यंत्रं-इमारतींची झीज वजा करून. राज्याचं निव्वळ आणि देशाचं स्थूल अशी तुलना करू नका.

४. चालू किमती आणि स्थिर किमती यांत कोणता आकडा घ्यायचा?

खरंच उत्पादन वाढलं का हे बघायचं असेल तर स्थिर. समजा, गेल्या वर्षी १०० क्विंटल गूळ ४,००० रुपये भावाने विकला: ४ लाख. यंदा ९८ क्विंटल ४,४०० ने: ४,३१,२००. चालू किमतीत जवळपास ८ टक्के वाढ दिसते. गेल्या वर्षीच्या भावाने यंदाचा माल मोजला तर ३,९२,००० येतात, म्हणजे २ टक्के घट. गूळ कमीच झाला आहे, वाढला तो भाव. कर्ज, तूट किंवा कर यांचं जीडीपीशी प्रमाण काढताना मात्र दोन्हीकडे चालू किमतीच घ्याव्या लागतात.

देशाच्या जीडीपी मालिकेचं आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाचे भाव स्थिर धरतात ते वर्ष, बरीच वर्षं २०११-१२ होतं, ते बदलून २०२२-२३ करण्याचं ठरलं. दोन वेगळ्या आधारवर्षांचे आकडे एकाच तक्त्यात खालीवर चिकटवून वाढीचा दर काढू नका.

५. मानव विकास अहवालातल्या डॉलरचे रुपये कसे करायचे?

बँकेच्या दराने करू नका. ते ‘क्रयशक्ती समानतेचे’ डॉलर असतात. केस कापायला कोल्हापुरात जेवढे रुपये लागतात तेवढ्याच रुपयांचे डॉलर करून नेले, तर अमेरिकेत न्हाव्याच्या दुकानाचं दारही उघडणार नाही. हा किमतींचा फरक काढून टाकण्यासाठी पीपीपी वापरतात. भारतासाठी असा एक डॉलर साधारण वीसेक रुपयांचा पडतो. २०२३ साठी भारताचं दरडोई जीएनआय ९,०४७ पीपीपी डॉलर दिलं आहे. ते मोठ्या मानाने १.८ लाख रुपयांच्या घरात जातं. बाजारभावाने गुणलंत तर साडेसात लाखांवर जाल आणि सगळा निबंध चुकेल.

६. मानव विकास निर्देशांकात काय काय मोजतात?

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने पहिला मानव विकास अहवाल काढला, अमर्त्य सेन यांचा वैचारिक आधार त्यामागे होता. माणूस किती जगतो, किती शिकतो आणि बऱ्या जगण्याइतकं त्याच्या हाती येतं का, हे तीन पैलू त्यात आहेत. त्यासाठी आकडे चार लागतात: जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान, शाळेत जाऊ लागलेल्या मुलाची अपेक्षित शालेय वर्षं, २५ वर्षांवरच्या प्रौढांची सरासरी शालेय वर्षं आणि दरडोई जीएनआय.

निर्देशांक ० ते १ च्या मधे येतो. ०.५५० च्या खाली अल्प, ०.७०० च्या खाली मध्यम, ०.८०० च्या खाली उच्च, आणि त्यापासून पुढे अतिउच्च. २०२३ साठी भारत ०.६८५ वर, १९३ देशांत १३० वा, म्हणजे मध्यम गटात. प्रदूषण, सुरक्षितता, राजकीय स्वातंत्र्य यांतलं काहीच या आकड्यात नाही. पंचगंगेचं पाणी कितीही काळं झालं तरी हा निर्देशांक जागचा हलत नाही.

७. हा निर्देशांक हाताने काढून दाखवा.

भारताचे २०२३ चे आकडे घेऊ: आयुर्मान ७२.०, अपेक्षित शालेय वर्षं १३.०, सरासरी शालेय वर्षं ६.९, उत्पन्न ९,०४७.

आरोग्य: किमान २०, कमाल ८५ वर्षं धरतात. (७२ − २०) ÷ (८५ − २०) = ५२ ÷ ६५ = ०.८००.

शिक्षण: अपेक्षित वर्षांची कमाल १८, सरासरीची १५. १३ ÷ १८ = ०.७२२ आणि ६.९ ÷ १५ = ०.४६०. दोघांची साधी सरासरी ०.५९१.

उत्पन्न: किमान १००, कमाल ७५,०००, आणि इथे लॉगरिदम घ्यायचा. ९,०४७ ÷ १०० = ९०.४७, ७५,००० ÷ १०० = ७५०. आता ९०.४७ चा लॉग भागिले ७५० चा लॉग = ०.६८१.

शेवटी तिन्हींचा गुणाकार आणि त्याचं घनमूळ: ०.८०० × ०.५९१ × ०.६८१ = ०.३२२. घनमूळ ०.६८५.

नेहमी अडतं ते इथे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर घनमूळाचं बटण सापडत नाही, मग मुलं वर्गमूळ घेतात किंवा तिनाने भागतात. मोबाइल आडवा धरला की घाताचं बटण दिसतं, घात (१ ÷ ३) द्या. लॉग दहाच्या पायाचा घ्यायचा की नैसर्गिक, हा वाद घालू नका. वर आणि खाली एकच घेतला तर उत्तर तेच येतं. एखाद्या देशाचं उत्पन्न ७५,००० च्या वर असेल तर ७५,०००च धरायचं, अपेक्षित शालेय वर्षं १८ च्या वर गेली तर १८च.

उत्पन्नालाच लॉग का? हजाराचे दोन हजार झाले की घरात दोन वेळची भाजी येते, चाळीस हजाराचे एकेचाळीस हजार झाले तर काही बदलत नाही. लॉगमध्ये दुपटीला महत्त्व येतं: १,००० वरून २,००० आणि १०,००० वरून २०,००० या दोन्ही उड्या निर्देशांकात सारख्याच धरल्या जातात.

८. गुणाकार आणि घनमूळ कशाला? साधी सरासरी का चालत नाही?

२०१० पर्यंत साधी सरासरीच होती. तिच्यात एका बाजूची पडझड दुसरी बाजू झाकून टाकते. समजा, तीन पैलूंचे आकडे ०.९, ०.९ आणि ०.३ आहेत. साधी सरासरी ०.७००, म्हणजे थेट ‘उच्च’ गट. घनमूळाने ०.६२४ येतं, ‘मध्यम’. शिक्षणाची उणीव पैशाने पूर्ण भरून निघत नाही, हे त्या घनमूळात सांगितलं आहे. विषमता धरून काढलेला निर्देशांक आणखी खाली येतो. भारताचा ०.६८५ तिथे ०.४७५ होतो, जवळजवळ ३१ टक्के गळती.

९. आधीच्या अहवालात भारत ०.६४४ होता, नंतरच्यात ०.६८५. एका वर्षात एवढी उडी?

नाही. २०२३-२४ च्या अहवालात २०२२ साठी ०.६४४ आणि १३४ वा क्रमांक होता. २०२५ च्या अहवालात २०२३ साठी ०.६८५ आणि १३० वा. पण मधल्या काळात मूळ आकडेवारी सुधारली गेली, आणि २०२५ च्याच अहवालात २०२२ चा आकडा ०.६७६ आणि क्रमांक १३३ असा नव्याने दिला आहे. खरी वाढ ०.६७६ वरून ०.६८५, म्हणजे ०.००९. वर्षांची तुलना करायची तर ताज्या अहवालातला मागच्या वर्षांचा तक्ता उघडा. जुना अहवाल आणि नवा अहवाल शेजारी ठेवून वजाबाकी करू नका.

१०. कोल्हापूर जिल्ह्याचा मानव विकास निर्देशांक किती?

राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात कोल्हापूर ०.७७०, महाराष्ट्र ०.७५२ आणि सगळ्यात खाली नंदुरबार ०.६०४ असे आकडे आहेत. जिल्ह्या-जिल्ह्यांची आपसात तुलना करायला ते चालतात. ‘कोल्हापूर भारताच्या पुढे’ असं म्हणण्यासाठी ०.७७० शेजारी ०.६८५ ठेवू नका. राज्याच्या अहवालातले घटक वेगळे आहेत आणि वर्षही.

११. आयुर्मान ७२ म्हणजे लोक ७२ व्या वर्षी मरतात का?

आज जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला आयुष्यभर आजचेच मृत्युदर आले, तर ते सरासरी किती जगेल, एवढाच त्याचा अर्थ. बालमृत्यू ही सरासरी फार खाली ओढतात. समजा, दहांपैकी एक बाळ जन्मताच गेलं आणि नऊ जण ८० वर्षं जगले, तर सरासरी ७२ येते, पण ७२ व्या वर्षी कुणीच गेलेलं नसतं. म्हणून साठी गाठलेल्या माणसाने ‘आता बाराच वर्षं उरली’ असा हिशेब करू नये. त्याच्यासाठी ‘साठाव्या वर्षीचं आयुर्मान’ हा वेगळा तक्ता असतो.

१२. जिल्ह्याची साक्षरता ८१ टक्क्यांच्या पुढे, मग शिक्षणात आपण मागे कसे?

साक्षरता आणि शिक्षण यांची मापं वेगळी. जनगणनेत सात वर्षांवरची जी व्यक्ती कुठल्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकते ती साक्षर, मग ती शाळेत गेलेली असो वा नसो. २०११ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात हे प्रमाण ८१.५१ टक्के होतं: पुरुष ८८.५७, स्त्रिया ७४.२२. छेदात सात वर्षांखालची मुलं नसतात. पूर्ण लोकसंख्येने भागलंत तर आकडा उगाच पडतो.

सरासरी शालेय वर्षं हा आकडा फार सावकाश हलतो, कारण त्यात आजची मुलं नाहीतच, २५ वर्षांवरचे सगळे आहेत. ज्या आजींना चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तिसरीतून काढून घरकामाला लावलं, त्या अजून त्या सरासरीत आहेत. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अशा निर्णयाचं फळ ‘अपेक्षित वर्षांत’ लगेच दिसतं आणि ‘सरासरी वर्षांत’ पिढी उलटल्यावर. आज शाळा सुधारली आणि पुढच्या वर्षी हा आकडा हलला नाही, म्हणून योजना फसली असं म्हणू नका.

१३. साक्षरता ७६.९३ वरून ८१.५१ झाली. ही वाढ किती टक्के?

४.५८ टक्केबिंदू. टक्क्यांत सांगायचं तर ४.५८ ÷ ७६.९३, म्हणजे जवळपास ६ टक्के. दोन्ही बरोबर आहेत, पण ‘४.५८ टक्क्यांनी वाढली’ हे चूक. मथळ्यात घाईने हेच छापलं जातं.

१४. लिंग गुणोत्तर ९५७ आहे, मग मुलींची संख्या कमी का म्हणतात?

९५७ हा सगळ्या वयांचा आकडा आहे: २०११ मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९५७ स्त्रिया. शून्य ते सहा वयोगटाचं बाल लिंग गुणोत्तर त्याच जनगणनेत ८६३ होतं, आणि २००१ मध्ये ८३९. गर्भातच मुलगी नाकारली जाते का, हे बाल गुणोत्तर सांगतं.

निसर्गतः साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली. त्या मानाने ८६३ म्हणजे दर हजार मुलग्यांमागे नव्वदेक मुली नाहीशा. पाणी, दूध, साखर, कारखाने सगळं असलेल्या जिल्ह्याचा हा आकडा आहे आणि तो मनाला लागतो. उत्पन्न वाढलं की हे आपोआप सुधारेल, हा भरवसा इथे टिकत नाही, कारण चोरून तपासणी करायचा खर्च परवडणं हेही उत्पन्नाबरोबरच येतं. १९९४ चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा आहे, आणि तपासणी करणारा व करवून घेणारा असे दोघेही त्यात गुन्हेगार ठरतात. मात्र ज्या गर्भवतीवर घरच्यांनी सक्ती केली, तिला शिक्षा व्हावी असा कायद्याचा रोख नाही.

एकूण गुणोत्तर उंच दिसलं म्हणूनही हुरळून जाऊ नका. २०११ मध्ये रत्नागिरीत ते १,१२२ होतं. त्यामागे मोठं कारण असं की तिथले पुरुष कामासाठी मुंबईला जातात. उलट कारखान्यांच्या पट्ट्यात बाहेरून एकटे पुरुष येतात आणि गुणोत्तर खाली येतं. ही स्थलांतराची खूण आहे, त्यावरून स्त्रियांची स्थिती सांगता येत नाही.

१५. आमच्या गावाचा अर्भक मृत्युदर आणि जन्मलिंग गुणोत्तर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवरून काढता येईल का?

काढू नका. दोन अडचणी आहेत.

पहिली नोंदीची. जन्म-मृत्यूची नोंद जिथे घटना घडली तिथे होते, २१ दिवसांत. गावातली बाई बाळंत झाली कोल्हापुरात किंवा गडहिंग्लजच्या दवाखान्यात, तर नोंद तिथल्या नगरपालिकेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद दुसऱ्याच तालुक्यात. बाळ शहरातल्या अतिदक्षता विभागात गेलं तर तो मृत्यूही शहराच्या खात्यावर. त्यामुळे गावाचं रजिस्टर अर्धं रिकामं आणि शहराचं फुगलेलं. राहत्या गावाप्रमाणे नोंद हवी असेल तर आशाताई आणि आरोग्यसेविकांची रजिस्टरं जास्त उपयोगाची.

दुसरी लहान आकड्यांची. अर्भक मृत्युदर म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत गेलेली बाळं. देशाचा २०२३ चा दर २५ आहे. समजा, गावात वर्षाला ४० जन्म होतात. एक बाळ गेलं तर दर २५, एकही गेलं नाही तर शून्य, दोन गेली तर ५०. तिन्हींतून गावच्या आरोग्याबद्दल काहीच ठरत नाही. गगनबावड्यासारख्या लहान तालुक्यालाही हेच लागू. तिथे दर काढण्याऐवजी गेलेल्या प्रत्येक बाळाची चौकशी करा: वजन किती होतं, गाडी किती वेळाने आली, कुठे पाठवलं. दरच काढायचा तर तीन-पाच वर्षांचे जन्म-मृत्यू एकत्र करा किंवा अनेक गावं मिळून काढा. लक्षात ठेवा, माता मृत्यू प्रमाण दर एक लाख जन्मांमागे असतं. ते गाव किंवा तालुका पातळीवर काढायचं नसतंच.

१६. एवढी मुलं रिकामी दिसतात, तरी बेरोजगारी ३-५ टक्केच कशी?

पुन्हा छेद. बेरोजगारीचा दर पूर्ण लोकसंख्येवर काढत नाहीत, श्रमशक्तीवर काढतात, म्हणजे जे काम करतात आणि जे काम मागतात त्यांच्यावर. समजा, १५ वर्षांवरचे १०० जण आहेत. ५७ कामावर, ३ कामाच्या शोधात, ४० दोन्हींत नाहीत. दर ३ ÷ ६० = ५ टक्के. आता त्या तिघांतला एक जण कंटाळून शोध सोडून अभ्यासिकेत बसला, तर दर २ ÷ ५९, म्हणजे ३.४ टक्के. नोकरी कुणालाच लागली नाही आणि दर मात्र घटला. एमपीएससीचा पूर्णवेळ अभ्यास करणारा, सध्या काम न मागणारा मुलगा विद्यार्थी धरला जातो, बेरोजगार नाही. म्हणून बेरोजगारी दराशेजारी श्रमशक्ती सहभाग दर नेहमी बघा.

‘कामावर’ कोण, हेही बघा. चालू आठवडा पद्धतीत मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात. नेहमीची स्थिती पद्धतीत वर्षाचा हिशेब असतो, आणि तीसेक दिवसांचं दुय्यम कामही धरतात. त्यामुळे पहिल्या पद्धतीचा बेरोजगारी दर दुसरीपेक्षा बहुधा जास्त येतो. २०२३-२४ चा नेहमीच्या स्थितीचा दर ३.२ टक्के आणि एप्रिल २०२५ चा चालू आठवड्याचा दर ५.१ टक्के. हे दोन जोडून ‘बेरोजगारी वाढली’ असं लिहिणं चूक आहे.

दोन म्हशी सांभाळून गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालणारी बाई ‘घरीच असते’ असं सांगते. पासबुक नवऱ्याच्या नावावर असलं तरी व्याख्येप्रमाणे ती रोजगारात आहे. पण पाहणी करणाऱ्याने ‘काम करता का?’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘शेण कोण काढतं, धार कोण काढतं, वैरण कोण आणतं?’ असं विचारलं की तेच उत्तर बदलतं. स्त्रियांच्या सहभाग दरातले चढउतार वाचताना हे ध्यानात असू द्या.

१७. घरात गॅस आहे, खातं आहे, तरी ‘बहुआयामी गरीब’ कसे?

नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक उत्पन्न विचारत नाही. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे १२ निकष आहेत, तिन्ही विभागांना एक तृतीयांश वजन. घराच्या उणिवांची बेरीज ०.३३३ किंवा जास्त झाली की घर गरीब.

समजा, घरात दहा वर्षांवरच्या एकानेही सहावी पूर्ण केलेली नाही: वजन ०.१६७. स्वयंपाक मुख्यतः सरपणावर: ०.०४८. घर कच्चं: ०.०४८. संडास नाही: ०.०४८. बेरीज ०.३१, म्हणजे गरीब नाही. नळ नाही आणि पाण्याला अर्धा तास चालावं लागतं असं निघालं, की ०.३५७ आणि घर गरीब. गॅसबद्दल: शेगडी आहे की नाही असं विचारत नाहीत, स्वयंपाक मुख्यतः कशावर होतो ते विचारतात. सिलिंडर महाग म्हणून कोपऱ्यात ठेवलेला असेल तर उणीव धरतात.

महाराष्ट्रात अशा गरिबांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्के झालं. पैशाच्या गरिबी रेषेशी (तेंडुलकर पद्धत, २०११-१२: ग्रामीण ८१६, शहरी १,००० रुपये दरडोई दरमहा) याची तुलना करू नका. रेशन कार्डाचा रंग तर तिसरीच गोष्ट.

१८. गिनी गुणांक सोपा करून सांगा.

हा विषमता मोजणारा आकडा: सगळ्यांना सारखं असेल तर ०, सगळं एकाकडे असेल तर १. समजा, पाच घरांचं उत्पन्न १०, १०, १०, १० आणि ६० हजार. गुणांक ०.४ येतो. भारतात २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भागात ०.२३७ आणि शहरी भागात ०.२८४ निघाला, पण तो खर्चावर काढलेला आहे. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा मोठा भाग शिल्लक टाकतो, त्यामुळे खर्चातली दरी उत्पन्नातल्या दरीपेक्षा लहान दिसते. ज्या देशांचा गिनी उत्पन्नावर काढलाय त्यांच्याशी याची तुलना जमत नाही.

१९. महापुरानंतर बांधकाम वाढतं, मग पुराने विकास होतो का?

जीडीपी वर्षभरात नवं काय झालं ते मोजतो, आधीचं काय गेलं ते नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि शिरोळ-करवीरमध्ये पाणी शिरलं की बुडालेला ऊस, बंद पडलेले यंत्रमाग यांच्यामुळे त्या वर्षीचं उत्पादन घटतं. तेवढा फटका जीडीपीत दिसतो. पण पडलेलं घर, वाहून गेलेली म्हैस, भिजलेलं सामान ही साठवलेली संपत्ती असते, आणि ती कुठेच वजा होत नाही. घर पुन्हा बांधलं की तो खर्च मात्र जमा. निव्वळ उत्पादनात झीज वजा होते, पण ती नेहमीची झीज, आपत्तीची नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर या आकड्यांतून वाचायचे तर पंचनाम्यांचे नुकसानीचे तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

२०. जिल्हा-तालुक्याचे आकडे कुठे मिळतील, आणि २०११ चेच का वापरतात?

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ पहिल्यांदा उघडा, त्यात तालुकानिहाय तक्ते असतात. राज्याची तुलना ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’त मिळते. पोषण, लसीकरण, लग्नाचं वय यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हा पत्रकं बघा. ती नमुना पाहणी आहे, तिच्यावरून तालुक्याचे आकडे काढता येत नाहीत.

गावपातळीची पूर्ण मोजणी फक्त जनगणना करते. २०२१ ची झाली नाही, पुढची १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची जाहीर झाली आहे. तोवर छेदाला अंदाजित लोकसंख्या वापरतात, तसं तक्त्याखाली लिहा. २०११ चेही दोन आकडे फिरतात, तात्पुरते आणि अंतिम. महाराष्ट्राचं बाल लिंग गुणोत्तर तात्पुरत्यात ८८३ आणि अंतिमात ८९४ आहे. अंतिमच घ्या.

२१. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या जनगणनेत कुठे मोजल्या जातात?

२०११ ची प्रगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे गळीत हंगाम चालू असताना. नियम असा की त्या पूर्ण काळात जो आपल्या घरापासून बाहेर होता, त्याला तो जिथे सापडला तिथे मोजायचं. त्यामुळे कारखान्याच्या तळावर पालं ठोकून राहिलेली बीडकडची कुटुंबं इथल्या गावात मोजली जातात. त्यांची मुलं इथल्या शून्य ते सहा वयोगटात येतात, त्यांची निरक्षरता इथल्या साक्षरतेत येते आणि त्यांच्या गावची लोकसंख्या तेवढी कमी दिसते. हातकणंगले, शिरोळ, करवीर, कागल या पट्ट्यातल्या एखाद्या गावाचा आकडा शेजारच्या गावापेक्षा विचित्र वाटला, तर त्या फेब्रुवारीत गावाच्या शिवारात टोळ्या किती होत्या, हे गावातल्या जुन्या माणसांना आधी विचारा.